लाभ, दोन, तीन

शिरूर डेपोची दौंड गाडी सुटायची वेळ झाली, की रोजच्या माणसांना न विचारता कळायचं, आज कंडक्टर कोण आहे. दुसरा कुणी असला तर तो दार ओढून टिंग टिंग बेल मारून मोकळा व्हायचा. तहमीना असली तर लगेच बेल नाहीच. ती पंच कमरेला अडकवायची आणि पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत एकेका माणसाच्या तोंडाकडे बघत, बोट हलवत जायची. एक, दोन, तीन, चार. बरं, ही मोजणी सुटताना एकदा झाली की संपली असंही नाही. जिथं गाडी पाच मिनिटं टेकली तिथं पुन्हा तेच.

"ताई, आम्ही काय मेंढरं हाय का गं?" बबनराव दर खेपेला विचारायचे. बबनराव निमोण्याचे बागाईतदार. गुलछडीच्या पाट्या घेऊन आठवड्यातून दोनदा दौंडला जायचे आणि तोंडाला कुलूप लावणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"मेंढरं असता तर सोपं झालं असतं, आप्पा. मेंढरं चहा प्यायला खाली उतरत नाहीत," असं ती म्हणायची आणि पुढं मोजायची.

डेपोत तिला मोजणीबाई म्हणत. दोन हजार तीन सालची गोष्ट. बाई कंडक्टर म्हणजे तेव्हा नवलाईच. बाई म्हटल्यावर काहीतरी खोड असणारच, असं म्हणून लोकांनी ते सोडून दिलं होतं. पण ती खोड नव्हती. ती शिक्षा होती, तिनं स्वतःच स्वतःला केलेली, आणि ती तेरा वर्षं कुणाला न सांगता भोगत होती.

तिच्या आजोबांपासून सुरुवात केली पाहिजे. इलाहीआबा शिरूरच्या बाजार समितीत मापाडी. त्यांच्या हातून मापलं गेलेलं धान्य कुणी पुन्हा मापून बघत नसे, इतका माणसाचा शब्द चोख. मापाड्यांची एक रीत असते. पहिलं माप टाकताना ते 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. पहिलं माप देवाच्या नावाचं, त्याच्याकडे निरखून बघायचं नाही, त्याचा हिशोब धरायचा नाही. ते असतंच, असं समजायचं. चार वर्षांची तहमीना आजोबांच्या मांडीला टेकून ही गिनती शिकली. बाकीच्या पोरी अंगणवाडीत 'एक, दोन' म्हणत होत्या तेव्हा ही 'लाभ, दोन' म्हणायची आणि बाईंच्या छड्या खायची.

तिचे वडील अजीम इंजिनाच्या कामात वस्ताद. बंद पडलेल्या गाडीच्या छातीवर हात ठेवला तरी दुखणं सांगायचे. अशा माणसाला शिरूरात कोण ठेवतं! शहाऐंशी साली ते कुवेतला एका शेठच्या गॅरेजात लागले. शेठ भला निघाला. दोन वर्षांत त्यानं रजिया, म्हणजे तहमीनाची आई, आणि पोरगी यांचाही व्हिसा करून दिला, गॅरेजच्या मागं दोन खोल्या दिल्या. तहमीना शेठच्या मुलीबरोबर खेळता खेळता पोपटासारखी अरबी बोलायला लागली. धाकटा नौशाद तिथंच झाला.

आणि नव्वदच्या ऑगस्टमध्ये एका पहाटे शेजारच्या देशाची फौज आली. नऊ वर्षांच्या पोरीला राज्य बुडणं म्हणजे काय ते काय कळणार? तिला इतकंच दिसलं, की दोन दिवसांत सरकार गेलं, आठवडाभरात नवं आलं, मग तेही गेलं, आणि महिना व्हायच्या आत मोठी माणसं सांगायला लागली की आता हा देशच नाही, तो तिकडचा एक जिल्हा आहे. देश असा पाटीवरून पुसता येतो हे तिला तेव्हा समजलं. गल्लीतल्या लोकांनी रस्त्यांची नावं आणि घरांचे नंबर काळ्या रंगानं बुजवून टाकले, फौजेला घरं सापडू नयेत म्हणून. तरीही त्यांना शेठच्या भावाचं घर सापडलं. त्याला घेऊन गेले ते गेलेच.

पहिले अकरा दिवस हे कुटुंब गॅरेजच्या खड्ड्यात राहिलं. गाडीखाली उभं राहून काम करायला असतो ना, तो खड्डा. वर शेठची मोठी मोटार छपरासारखी, खाली गादी, डबे आणि ऑइलचा वास. तहमीनाला चाकांच्या फटीतून फक्त रस्त्यावरचे बूट दिसायचे. ती बूट मोजायची. लाभ, दोन, तीन. मोजत राहिलं की भीती जरा लांब बसायची.

सप्टेंबरात आपल्याकडची बरीच माणसं मिळून एक बस ठरली. बगदादवरून जॉर्डनची हद्द, तिथून विमानानं मुंबई. बसमध्ये त्रेचाळीस माणसं. पुढं बाप्ये, मध्ये चादर बांधलेली, मागं बायकापोरं. आता प्रत्येक थांब्यावर माणसं मोजायची कुणी? बाप्यांना चादरीपलीकडं जाता येईना, बायकांना अलीकडं येता येईना. अजीम म्हणाले, "आमची तहमी मोजंल. मापाड्याची नात हाय."

पोरीची छाती फुगली. अजीमची जागा दाराजवळची पहिली. ती दारात उभी राहायची, अब्बांच्या बाजूला हात करून 'लाभ' म्हणायची, आणि दोन, तीन करत चादर उचलून थेट मागं. त्रेचाळीस भरले की ड्रायव्हरला अरबीत सांगायची, पुरे. मग गाडी हलायची. तीन थांबे असे झाले.

चौथा थांबा वाळवंटातल्या चौकीचा. डोक्यावर ऊन, नौशाद तापानं फणफणलेला, मागं अम्मी त्याला पदरानं वारा घालतेय. बाहेर एक सोल्जर बसच्या पत्र्यावर थाड थाड हात आपटत होता, चला चला म्हणून. तहमीना घाईघाईनं दारात उभी राहिली, 'लाभ' म्हणाली आणि वळली. दोन, तीन... त्रेचाळीस. ड्रायव्हरला म्हणाली, पुरे. गाडी सुटली.

दीड तासानं खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, वाटायला काढली तेव्हा कळलं, पहिल्या सीटवर अब्बांचा टॉवेल आहे, पिशवी आहे, अब्बा नाहीत.

रजियानं फोडलेला हंबरडा सांगत बसत नाही. ती चादर फाडून पुढं आली. तहमीनाला म्हणाली, विचार त्याला, विचार त्या मेल्याला, माझा माणूस कुठं टाकला. पोरीनं रडत विचारलं. ड्रायव्हर मान हलवत एकच म्हणत राहिला, सोल्जर, सोल्जर, मागं जाता येणार नाही. पोरीनं तसंच सांगितलं. सगळ्यांना वाटलं, रस्त्यात फौज आहे म्हणतोय. पुढं कितीतरी वर्षं रजियानं त्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या, पोरीनं 'पुरे' म्हणायच्या आत गाडी हाकली म्हणून. 'पुरे' म्हटलं गेलं होतं हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक त्या ड्रायव्हरला, आणि एक नऊ वर्षांच्या पोरीला. त्या पोरीनं तोंड मिटलं.

हद्दीवरच्या तंबूत नऊ दिवस, मग विमान, मग मुंबई, मग शिरूर. शिरूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा इलाहीआबा न्यायला आले होते. त्यांनी उतरणारी माणसं बघितली. रजिया, तहमीना, रजियाच्या खांद्यावर नौशाद. मग ते बसच्या दाराकडं बघतच राहिले. कंडक्टरनं दार ओढून घेतलं तरी बघत राहिले.

पुढचा महिना त्या घरात चूल पेटायची म्हणून पेटायची. कुठल्या यादीत नाव नाही, पत्र नाही. शेजारणी हळू आवाजात दिवस मोजायला लागल्या. आबा रोज बाजारात जायचे, मापं टाकायचे, 'लाभ' म्हणताना त्यांचा आवाज कापायचा. आणि तहमीना घरात कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हती. तिच्या पोटात एकच वाक्य बसलं होतं, मी बघितलं असतं तर. नुसती मान वळवून बघितलं असतं तर.

शिरूरला उतरल्यापासून सदतिसाव्या दिवशी भर दुपारी अजीम घरात शिरले. दाढी वाढलेली, पायात एका मापाचे पण दोन जातीचे बूट. आबांनी उठून मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, मग मटकन खाली बसले आणि पहिल्यांदा रडले. गल्ली लोटली. बबनराव तेव्हा बाजारात ज्वारी घेऊन आले होते, ते पोती तशीच टाकून धावत आले. सगळ्यांना अजीमनी एकच सांगितलं, "पान्याला लांबच्या टाकीवर गेलो व्हतो. माघारी आलो तर गाडी गेल्याली." एवढंच. आणि त्या दिवशी सगळ्यांना तेवढंच पुरलं. माणूस आला होता. आणखी काय पाहिजे?

तहमीनाला पुरलं नाही. अब्बा आले याचा आनंद इतका की ती त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून झोपायची. पण जितक्यांदा ते पाण्याच्या टाकीची गोष्ट सांगायचे, आणि गोष्ट सांगून ते हसायचे, तितक्यांदा ती उठून बाहेर जायची. हे हसतायत, कारण यांना माहीत नाही. माहीत झालं तर?

ती मोठी झाली ती अशी. उंबऱ्यातल्या चपला मोजत. कुठं लढाई लागली असं रेडिओवर आलं, की घरातली माणसं मोजत. कारगिलच्या उन्हाळ्यात तर तिनं शाळेतल्या नौशादला बाहेर पडणं मुश्किल करून सोडलं होतं. आणि एक गोष्ट तिनं कायमची सोडली. सुट्टीत आबांनी तिला पोती मोजायला बसवलं, तर ही 'एक' म्हणाली.

"एक न्हाई गं. लाभ म्हन."

"एकच म्हननार."

"आगं पयलं माप देवाचं."

"देवाचं असलं तरी मोजाया पायजे, आबा. बघून मोजाया पायजे."

आबांना वाटलं, पोरीला कुवेतचं वारं लागलं, रीतभात राहिली नाही. त्यांच्या मनाला लागलं ते लागलंच. अठ्ठ्याण्णव साली आबा गेले. त्यांना खरं कारण सांगायचं राहून गेलं, हे तहमीनाचं दुसरं ओझं.

अजीम परत कुवेतला गेले नाहीत. लढाई संपल्यावर शेठनं दोनदा निरोप पाठवला, मानानं बोलावलं, तरी नाही. स्टँडमागं छोटं गॅरेज टाकलं आणि त्यातच राहिले. लोक म्हणत, घाबरला. ते म्हणू देत.

आता दोन हजार तीनचा मार्च. डेपोच्या कँटीनमधल्या टीव्हीवर पुन्हा बगदाद. आकाशात आग, रस्त्यावर रणगाडे. लोक चहा पीत बघत होते. तहमीना त्या टीव्हीकडं पाठ करून बसायची. अशाच एका दिवशी दौंड गाडीला अजीम आले. त्यांची बहीण सुफिया दौंडला दिलेली, तिला भेटायला निघाले होते. दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसले. तहमीनानं तिकीट फाडलं, पंच मारला, आणि त्यांच्या तोंडाकडे नीट बघून म्हणाली, "एक."

निमोण्याला बबनराव पाट्या घेऊन चढले. दौंडला लग्न होतं आणि हार बांधणारे थांबले होते, त्यामुळं आज ते जास्तच घाईत. न्हावरा झालं, चौफुला झालं. वरवंडला ड्रायव्हर संपतमामांनी गाडी हॉटेलापुढं लावली. दहा मिनिटं.

दहा मिनिटांनी तहमीना दारात उभी राहिली. पहिल्या सीटवर टॉवेल. पिशवी. अब्बा नाहीत.

तिच्या हातातला तिकिटांचा ट्रे खाली पडला. संपतमामांनी गाडी चालू केली, तशी ती ओरडली, "बंद करा! गाडी बंद करा आधी!" एकतीस माणसांनी तिच्याकडं बघितलं. ती उतरली आणि पळत सुटली. पाण्याच्या टाकीपाशी, टपरीपाशी, मुतारीपर्यंत. मग हॉटेलात शिरली.

अजीम टीव्हीपुढं उभे होते. हातात भरलेली बाटली. टीव्हीवर वाळवंटातला रस्ता आणि त्यात बंद पडलेला फौजेचा एक ट्रक.

"अब्बा!"

ते वळले. "असलाच व्हता," ते म्हणाले. "डिझेलच्या पायपात वाळू गेल्याली." आपण कुणाशी काय बोललो हे मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि तेरा वर्षं सांभाळलेला चेहरा उतरला.

तिनं त्यांचा दंड धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. सीटशेजारी उभी राहिली, आणि मग ती बोललीच. सगळ्या गाडीसमोर, घळाघळा. "अब्बा, त्या दिवशी मी बघितलंच न्हाई. लाभ म्हनले आन् वळले. तुमी नव्हता तरी त्रेचाळीस मोजले. ड्रायव्हरला मीच म्हनले, पुरे. अम्मी त्याला शिव्या घालती, पर गाडी मी सोडली. मी टाकलं तुमाला."

अजीमनी अगदी हळू विचारलं, "एवडी वर्सं हे उरावर घेऊन फिरतीस?"

"मग काय करू?"

"आगं येडे, टाकीबिकी काय नव्हती तितं." त्यांनी बाटली मांडीवर ठेवली. "मी पान्याला उतरलो तर चौकीवाल्यांचा ट्रक बंद पडल्याला. ड्रायव्हरनं सांगितलं आसंल, का माज्या हाताची काळी नखं बघितली, कुनास ठावं. धरलं मला. सायेब म्हनला, हा मेकॅनिक हितं ऱ्हाईल, बस आत्ता जाईल. न्हाईतर बस बी हितंच ऱ्हाईल. मीच ड्रायव्हरला हात केला, जा म्हनून. तो सोल्जर पत्र्यावर हात आपटीत व्हता, आठवतंय?"

तिला आठवत होतं. थाड थाड.

"तू बेचाळीस मोजले असतेस तरी गाडी सुटलीच असती. आन् समज, तू वराडली असतीस, अब्बा कुठं म्हनून? तुजी अम्मी नौशादला घिऊन खाली उतरली असती. मग समदेच ऱ्हायलो असतो तितं. मी शेडमागनं बघत व्हतो. गाडी हलली तवा मला काय वाटलं सांगू? सुटली माजी पोरं. सव्वा महिना त्यांचे ट्रक नीट करताना त्याच्यावरच जगलो मी."

"मग टाकीची गोष्ट कशाला सांगितली?"

अजीम खिडकीबाहेर बघायला लागले. "शेठचं मीठ खाल्लं व्हतं. त्याच्या भावाला ज्यांनी नेलं त्यांचे ट्रक ह्या हातांनी चालू केले. कुठल्या तोंडानं सांगू? शेठ बोलवीत व्हता तरी गेलो न्हाई, ते ह्याच्यापायी. मला वाटलं, टाकीच्या गोष्टीनं कुनाचं काय बिघडतंय? तुजं बिघडतंय हे ठावं असतं तर..."

"बंदूक व्हती ना अब्बा त्यांच्याकडं?"

"व्हय."

"मग झालं तर," तहमीना म्हणाली. आणि ती हसायला लागली, रडता रडता हसायला लागली. तिचा आवाज आपोआप मोकळा झाला, जड पाटी कुणीतरी डोक्यावरून उतरवून घ्यावी तसा. बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती लहान पोरीसारखी हुंदके देत राहिली. अजीम तिच्या खाकी टोपीवरून हात फिरवत, "बास, बास आता," म्हणत होते आणि स्वतःचे डोळे टॉवेलानं पुसत होते. चूक तिची नव्हती. त्यांचीही नव्हती. दोघांनी तेरा वर्षं एकमेकांपासून लपवलेलं ओझं मुळात दोघांचंही नव्हतं.

संपतमामा मागं बघायचं टाळत आरसा पुसत होते. शेवटी बबनरावांनाच राहवलं नाही. नाक ओढत ते म्हणाले, "ताई, पोटभर रडून घे. माजी फुलं सुकली तर सुकू दे. पर तिकडं नवरा-नवरी बोडक्या गळ्यानं हुबी ऱ्हातील, त्येवडं बघ."

सगळी गाडी हसली. तहमीनानं तोंड पुसलं, खाली पडलेली तिकिटं गोळा केली, टोपी सरळ केली आणि दारात उभी राहिली. सवयीनं बोट वर झालं. ती थांबली. मग तिनं अब्बांकडं न बघता, नुसता हात त्यांच्या खांद्याच्या दिशेनं केला आणि मागं वळली.

"लाभ," ती म्हणाली.

बबनरावांनी मान वर केली. इलाही मापाड्याच्या हातची कैक मापं त्यांनी खळ्यावर आणि बाजारात ऐकलेली होती. "दोन," असं त्यांनी स्वतःच आपल्या छातीवर हात ठेवून मोठ्यानं म्हटलं. त्यांच्या मागची म्हातारी "तीन" म्हणाली, पलीकडचा कॉलेजचा पोरगा "चार". ती पुढं जात राहिली आणि माणसं आपापला आकडा सांगत राहिली.

शेवटच्या सीटवर बत्तीस भरले. तिनं बेलची दोरी दोनदा ओढली.